दोन गटांत हाणामारी

कुठं मारामारी जुंपली की आमचे संपादक दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटं घट्ट अडकवून उभे राहायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "हात मोकळे असले की मदतीला धावतात. मग बातमी कोण लिहिणार?"

भोरच्या एसटी स्टँडजवळ आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस होतं. मी तिथं अंकाची पानं लावायचो. संपादक आमच्याकडे आले तेव्हा त्यांचे केस पिकलेले होते. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी एका परदेशी वृत्तसंस्थेसाठी युद्धं पाहिली होती. तुम्हाला वाटेल, असा माणूस किस्से सांगत बसत असेल. हे नुसते शब्द खोडायचे. 'निर्दयपणे' खोडलं, 'बिचारा' खोडला. सारोळ्याच्या अपघाताच्या बातमीत मी 'दुर्दैवाने' लिहिलं, तर म्हणाले, "कुणाचं दुर्दैव? टेम्पोवाल्याला विचारलंस?" दोन कुत्री भांडली तरी हे दोघांची प्रतिक्रिया घेतील, असं आम्ही मागं म्हणायचो आणि हसायचो.

एका दुपारी ते वेल्ह्याहून मोटरसायकलवर परत येत होते. वाटेतल्या एका वाडीत बौद्धांचं एकच घर. शेताची वाट अडवली म्हणून त्या घरच्या माणसानं तहसीलला तक्रार केली होती. त्या दिवशी वाट अडवणारे सात जण त्याला रस्त्यावर काठ्यांनी झोडत होते. बायको मध्ये पडली, तिलाही सोडलं नाही. संपादक गाडी लावून कडेला उभे राहिले. शेवटपर्यंत पाहिलं, मग दोन्हीकडच्यांशी बोलले. मथळा स्वतः दिला: 'वाटेच्या वादातून दोन गटांत हाणामारी'.

काही दिवसांनी ती बाई ऑफिसात आली. नवऱ्याचा एक डोळा गेला होता. तिनं अंक टेबलावर टाकला.

"सायेब, दोन गट कुठं हुतं? त्ये सात जण, आन् आमी नवराबायको."

"तुम्ही आधी दगड मारला, असं त्यांचं म्हणणं आहे, बाई."

"तुमी हुता की तितं. म्या मारला दगड?"

"मी बाजू घेत नाही."

"नगा घेऊ. जे पाह्यलं तेवढं कोर्टात सांगा."

ती गेल्यावर ते समोरचं प्रूफ वाचत राहिले. मग त्याच आवाजात म्हणाले, "युद्धात माझा एक ड्रायव्हर होता. नाक्यावर बंदूकवाल्यांनी त्याला खाली ओढलं आणि मला विचारलं, हा तुझा माणूस का? हो म्हणालो असतो तर कदाचित सुटला असता. मी म्हणालो, मी पत्रकार, माझं कुणी नाही. तिथंच गोळी घातली त्याला." पान उलटलं. "बातमी चांगली झाली होती. एकही विशेषण नव्हतं."

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. ते साक्षीला गेले. मी सोबत होतो. सात जणांची नावं त्यांनी एकेक करून सांगितली. दगड कुणीच मारला नव्हता, हेही सांगितलं. 'निर्दयपणे' हा शब्दसुद्धा वापरला. बाई मागच्या बाकावर नवऱ्याचा हात धरून बसली होती.

आरोपींच्या वकिलांनी आमचा अंक वर धरला. "ही बातमी तुमची?"

"माझी."

"इथं दोन गट आहेत. आज एकच. तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय?"

"तेव्हा अपुरं लिहिलं."

"म्हणजे खोटं?"

एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"नाही," ते म्हणाले. "खोटं मी कधी लिहिलं नाही."

सातही जण सुटले. निकालानंतर ते मुद्दाम भोरला आले, नारळ आणि शाल घेऊन. "सायेब, तुमची बातमी नसती तर आमी आत गेलो असतो. लई निःपक्ष माणूस!" शाल संपादकांच्या अंगावर घातली. मोबाईलवर फोटो काढला, आणि छापायला मलाच पाठवला.

"लावायचा का?" मी विचारलं.

"लाव," ते म्हणाले. "पण बाईची प्रतिक्रिया हवी. मीच घेऊन येतो." शाल अंगावर, तसेच उठले आणि वेल्ह्याच्या एसटीत बसले.

ते परत आले नाहीत. खोलीवरही नाही, कुठंच नाही. आठवड्यानं मी वाडीवर गेलो. बाई गोठ्यात शेण भरत होती.

"आलं हुतं. अंगणात हुबं ऱ्हायलं. मालकानं पाणी दिलं. म्या तांब्या हातातनं काढून घेतला. म्हटलं, तुमचं हितं कुणी न्हाई. जावा."

"मग?"

"गेलं. शाल टाकून गेलं."

थंडीचे दिवस होते. आत म्हैस रवंथ करत उभी होती. तिच्या पाठीवर ती शाल सुतळीनं बांधली होती.