पेशंटचे कोण?

आयर्लंडमधल्या डंडॉकला कॉरमॅकचा नवरा होऊन मला चार वर्षं झाली, पण आईला मी त्याचा भाडेकरू असल्याचंच सांगितलं होतं. ती नागपूरहून राहायला आली, तेव्हा मी अंगठी मोज्यांच्या खणात लपवली.

मंगळवारी कॉरमॅकच्या छातीत दुखू लागलं. हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

आई शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "मित्र."

"मग बाहेर थांबा. आम्ही घरच्यांशीच बोलतो."

याच हक्कासाठी आम्ही रजिस्ट्रारसमोर सह्या केल्या होत्या, आणि तो मीच एका शब्दात घालवला.

अर्ध्या तासाने नर्स परत आली. "ते नवऱ्याला बोलवा म्हणतायत. कुठे आहेत ते?"

माझी मान वर होईना.

आई म्हणाली, "मला फसवलंस, ते जाऊ दे. त्याला कशाला परकं केलंस?"