परीक्षेतला मेलेला माणूस

उपसंपादकाच्या मुलाखतीत मी फोन लावला, म्हणून नापास झाले. झाले तर झाले.

सहा वर्षं मी बोरी अरबहून यवतमाळच्या त्या पेपरला बातम्या पाठवत होते. माझं नाव एकदाही छापून आलं नाही. शेवटी डेस्कवर एक जागा निघाली आणि ती मला हवी म्हणजे हवीच होती. बोंडअळीनं कपाशीची पार वाट लावली होती, जो तो फवारणीला जुंपलेला. मुलाखतीच्या दिवशी सकाळी भावानंच मला एसटीत बसवलं आणि पाठीवर पंप घेऊन तो वावरात गेला.

समोर तीन साहेब. संपादकांनी एक कागद सरकवला. "दहा मिनिटांत बातमी नीट करा, मथळा द्या."

बातमी अशी: बोरी अरबला आज सकाळी फवारणी करताना विषबाधेनं तरुण शेतकऱ्याचा मृत्यू. नाव नव्हतं.

कागद टेबलावरच टाकला. तशीच बाहेर आले, भावाला फोन लावला. नुसता वाजतोय. दुसऱ्यांदा उचलला.

"काय झालं वं? पंप पाठीवर हाय, लवकर बोल."

"तोंडाले रुमाल बांध," एवढंच बोलले मी.

आत गेले तर तिघंही हसत होते. "अहो मॅडम, परीक्षेसाठी बनवलेली बातमी आहे ती! हे बघा, तुमच्या आधीच्या उमेदवारानं काय झकास मथळा दिलाय. 'फवारणीने घेतला तरण्याबांड मुलाचा घास'!"

असा संताप आला! "माणूस खोटा, तं गाव काहून खरं टाकलं, साहेब? बिना नावाची बातमी असली तं मी आधी फोनच लावीन."

"वेळ संपली तुमची."

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खात्री नाही, छापू नये', आणि निघाले. जागा त्या झकास मथळेवाल्याला मिळाली.

महिनाभरानं आमचे शेजारचे काका खरोखरच फवारताना गेले. रडत रडत बातमी मीच लिहिली. नाव, वय, मागे कोण कोण आहे, सगळं दोनदा विचारून पाठवलं. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. मथळा तोच. 'तरण्याबांड मुलाचा घास'.

काका पंचावन्न वर्षांचे होते.

मी संपादकांना फोन लावला. म्हटलं, "साहेब, उद्या पहिल्या पानावर दुरुस्ती छापा. काकू पेपर घेऊन दारात बसल्या हायेत, अन् मी त्याइच्या बाजूले बसून राह्यली."