वासावरून गळती शोधणारे मिस्त्री

"काचा वर करा आणि जरा गप उभे राहा." पेट्रोलच्या वासाची तक्रार घेऊन कोणी आलं, की पंचवटीतले आमचे मिस्त्री एवढंच म्हणत. गाडी दहा मिनिटं उन्हात बंद ठेवत. मग मागचं दार बोटभर उघडून फटीला नाक लावत आणि डोळे मिटत.

मी तेव्हा एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. एका उन्हाळ्यात गाडीत वास यायला लागला. दोन गॅरेजवाल्यांनी टाकीचं झाकण बदललं, वास तसाच. मिस्त्रींनी डिकीतून टाकीची हवा जायची नळी काढली, बादलीत बुडवली आणि दुसऱ्या टोकाने फुंकली. बारीक बुडबुडे आले. "पेट्रोल ठिबकलं तर दिसतं," ते म्हणाले. "वाफ दिसत नाय. तिला नाकच पायजे."

ते मूळचे घोटीकडचे. त्यांचं नाक म्हणजे आम्हा ड्रायव्हरांची करमणूक होती. डबा उघडायच्या आधी ते भाजी ओळखत, आणि कोण कुठल्या दुकानात दाढी करून आला तेही.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास एका हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. बरे होऊन ते कामावर आले. एकदा टपरीवरचा चहा नासलेल्या दुधाचा निघाला. आम्ही सगळ्यांनी थुंकून टाकला, मिस्त्रींनी मात्र शांतपणे संपवला. आम्ही हसलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ओझरच्या कारखान्यातले एक गृहस्थ गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो, असं त्यांची बायको म्हणत होती. मिस्त्रींनी नेहमीसारखं फटीला नाक लावलं, डोळे मिटले. काही नाही, खुशाल जा, म्हणाले. बादली काढलीच नाही.

तिसऱ्या दिवशी घोटीच्या रस्त्याला त्या गृहस्थांनी गाडीत सिगारेट पेटवली आणि भडका उडाला. ते दार उघडून बाहेर पडले. मागे बसलेल्या बायकोला काढेपर्यंत त्यांचे दोन्ही हात भाजले. ती वाचली नाही.

बातमी कळल्यावर मिस्त्री मला म्हणाले, चल माझ्याबरोबर. दवाखान्यात ते खाटेशी उभे राहिले.

"साहेब, मला वास येत नाय. तापापासून गेला. तरी गाडीत वास नाय म्हणून सांगितलं."

गृहस्थांनी उशीवरून मान उचलली. "तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली," मिस्त्री म्हणाले.

पोलिसांनाही त्यांनी हेच सांगितलं. सिगारेट साहेबांनीच पेटवली होती, असं आम्ही मिस्त्रींना समजावत होतो. ते ऐकून घेत. गॅरेज त्यांनी बंद केलं आणि सायकलींची पंक्चरं काढत बसले. वासाबद्दल पुन्हा कोणी त्यांना छेडलं नाही.

तीन वर्षांनी ते गेले. गोदावरीकाठी आम्ही दहा-बाराच माणसं होतो. ओझरचे गृहस्थ आले, तेव्हा आम्ही बाजूला सरून त्यांना वाट दिली. त्यांची बोटं आखडलेलीच राहिली होती. दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून त्यांनी तिरडीवर फुलं ठेवली.

चिता पेटली, तेव्हा ते नदीकडे तोंड करून उभे राहिले. सगळे परतायला निघेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण जागाही सोडली नाही.