ड्रिल वाढली

पहिल्याच दिवशी मी फोरमनना म्हणाले, "आता एंटर मारा," आणि त्यांनी खरोखरच मारला. हातोडा धरायची सवय असलेला माणूस. कीबोर्ड टेबलावर टुणकन उडाला. तेव्हापासून मी 'एंटर दाबा' असंच म्हणत आलेय. कॉम्प्युटर शिकवणं म्हणजे निम्मं काम शब्द सांभाळण्याचं, हे मला फार लवकर कळलं. या कामातली मी उस्ताद आहे असं तेव्हाही मला वाटायचं, आजही वाटतं. खोटी नम्रता मला जमत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ठाण्यातल्या एका लहानशा कंपनीने कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर तयार केलं होतं. कुठलं काम कुठल्या मशीनवर चढलंय, स्टोअरमध्ये कुठला माल किती उरलाय, हे सगळं त्यात दिसायचं. ते बनवणारी मुलं हुशार होती, पण माणसांशी बोलायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसायची. माझं अगदी उलट. म्हणून सॉफ्टवेअर विकलं गेलं की शिकवायला मला पाठवायचे. मी कळव्याची. सगळं जग मुंबईकडे निघालेलं असताना मी ऐसपैस बसून डोंबिवलीला जायचे. तिथून रिक्षा. केमिकलचा वास नाकात गेला की समजायचं, एमआयडीसी आली.

त्या कारखान्यात मशीनचे सुटे भाग बनायचे. कॉम्प्युटर ठेवला होता स्टोअरच्या कोपऱ्यात, काचेच्या खोलीत, एसीत. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. बाहेर माणसं घामाने निथळत होती आणि आत हा जावयासारखा गारव्यात बसलेला, हे मी मालकांना तोंडावर म्हटलं होतं. ते हसले होते. पुण्यात शिकलेले, नेमकं बोलणारे गृहस्थ. हिशेबाला कडक, पण वाईट नव्हते.

मला शिकवायचं होतं ते स्टोअर सांभाळणाऱ्या मावशींना. त्या ठाकुर्लीजवळच्या गावातल्या, तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांचे यजमान याच कारखान्यात लेथ मशीनवर होते. ते गेल्यावर मालकांनी मावशींना कामावर घेतलं आणि बाकावर बसवलं. तिथे कापून आलेल्या भागांच्या धारदार कडा कानशीने घासायच्या. लोखंडाची पूड नखांत, केसांत, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा. पुढे जुने स्टोअरकीपर निवृत्त झाले, तेव्हा फोरमननी मावशींचं नाव सुचवलं. मावशी दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. मालकांनी अट घातली: दसऱ्यापर्यंत कॉम्प्युटर जमला तर खुर्ची तुमची, नाही जमला तर परत बाकावर. मावशींनी मला त्यांची बोटं दाखवली होती. भेगा पडून पडून ती इतकी खरखरीत झाली होती की साडीला लागली तर धागा ओढला जायचा. "बाय, मना परत तिकरं जायाचा नाय," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना ती खुर्ची मिळवून द्यायचीच, असं मी मनाशी पक्कं केलं.

स्क्रीनवर सगळं इंग्रजीत. ते मी फार मनावर घेतलं नाही. कागदाच्या पट्ट्या कापल्या, मराठीत लिहिलं आणि बटणांवर चिकटवल्या. माल आला की 'वाढ', माल बाहेर दिला की 'घट'. नवरात्र तोंडावर आलं होतं, तेव्हा फोरमननी विचारलंच, "घट कुठे बसवायचा, मॅडम?" सरावाला मी नट-बोल्ट घेतले नाहीत. मावशींना म्हटलं, "समजा, स्टोअरमध्ये बोंबील आले." मग बोंबील आले, कोलंबी आली, फोरमनना दोन पापलेटं दिली, आणि हसता हसता मावशींची बोटं बटणांवर सरावली. एका आठवड्यात त्या माझ्याकडे न बघता नोंद करू लागल्या. मी मालकांना सांगून टाकलं, खुर्ची पक्की समजा.

आणि मग गोंधळ सुरू झाला. एका मापाची ड्रिल, म्हणजे भोकं पाडायची पाती, कॉम्प्युटरवर भरपूर दिसत होती आणि फळीवर एकही नव्हतं. मशीन खोळंबून राहिलं. दुसऱ्या दिवशी तेलाचं तेच, तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपरचं तेच. बाकी शेकडो वस्तूंचा हिशेब चोख, पण ज्या वस्तू संपल्या, नेमक्या त्याच कॉम्प्युटरवर उदंड. मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही छान शिकवता. पण त्यांना जमत नाही हे मान्य करा."

मी मावशींना गाठलं. "मावशी, ही ड्रिल वाढली का?"

"वाढली ना. कालच वाढली."

"मग आहेत कुठे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच डोकं फिरलंय. "अगो बाय, वाढली तर कुठं असतील?"

मी कपाळावर हात मारला. राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. बाई भाबडी आहे, घाबरून काहीही बोलतेय, असं मला वाटलं.

खंडेनवमी उजाडली. मशीनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. कानशी, पाने, हातोडे पाटावर मांडले होते, आणि काचेच्या खोलीतल्या जावयालाही हळदकुंकू लागलं होतं. मावशी बाकाशेजारी उभ्या होत्या. त्यांना कालच सांगण्यात आलं होतं की दसऱ्यानंतर तिथे बसायचं. डोळे सुजले होते, पण साडी नवी होती. आरती झाली आणि मालक फोरमनना म्हणाले, "चला, नारळ वाढवा."

फोरमननी तो दगडावर आपटला, आणि माझ्या डोक्यातला नारळही तेव्हाच फुटला.

"साहेब," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "नारळ वाढवलात ना? मग नारळ जास्त झाले का?"

"एकाचे दोन झाले की," मागून कुणीतरी म्हणालं.

"फोडा म्हणत नाही आपण, वाढवा म्हणतो. दुकान बंद केलं तर वाढवलं म्हणतो. मावशी, घरातलं मीठ संपलं तर काय म्हणता?"

मावशींनी जीभ चावली. "संपला असा बोलाचा नाय. मीठ वाढला बोलाचा. सासूनं शिकवलेलं. भरल्या घरान संपला बोलला तर लक्षुमी जाते."

"आणि ड्रिल?"

"स्टोर पण भरला घरच ना."

आता मालकांच्याही लक्षात आलं. उरलेली सगळी ड्रिल देऊन टाकली की मावशींच्या लेखी ती 'वाढली'. मग त्या अगदी इमानदारीत माझं 'वाढ'चं बटण दाबायच्या, आणि शिल्लक शून्य व्हायच्या ऐवजी दुप्पट व्हायची. चूक माझी म्हणाल तर मी मुळीच कबूल करणार नाही; जाब मराठीला विचारा.

मालक हसले, पण लगेच कडक झाले. "मीठ घरचं, ड्रिल धंद्याचं. इथे बसायचं तर संपलं म्हणायला शिकावं लागेल."

मावशींनी मान हलवली. नाही. ती खुर्ची समोर दिसत होती, बाक पाठीला लागला होता, तरीसुद्धा नाही. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला आणि धास्तीही वाटली. मी घाईघाईने म्हणाले, "शब्दच बदलू या, साहेब! नवीन पट्ट्या लावते. माल आला की 'आले', बाहेर पडला की 'गेले'. मिटलं."

फोरमननी नजर वळवली. मावशींच्या यजमानांच्या शेजारच्या मशीनवर ते कित्येक वर्षं उभे राहिले होते.

"गेले नको लिवू, बाय," मावशी हळूच म्हणाल्या. "गेले आमचे हे. ड्रिल कशाला जातील? ती मी माज्या हातानं देतंय." मग स्वतःच म्हणाल्या, "दिले लिव."

मी तिथेच, कुंकवाच्या बोटांनी, नवीन पट्ट्या लिहिल्या. आले. दिले. 'दि'वर थोडं कुंकू लागलं, ते तसंच राहिलं. मावशी खुर्चीत बसल्या, चुकलेल्या नोंदी एकेक काढून दुरुस्त करत गेल्या, आणि आम्ही सगळे काचेबाहेर प्रसादाचं खोबरं हातात धरून बघत राहिलो. शेवटी ड्रिलची पाळी आली. स्क्रीनवर शून्य उमटलं.

मालक दारात उभे होते. आत जाताना त्यांनीही चपला काढल्या. कॉम्प्युटरकडे न बघता त्यांनी मावशींनाच विचारलं, "काय, किती उरली?"

मावशींनी शून्याकडे नीट पाहिलं, पदर सारखा केला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या,

"सगली दिली, शेट."

"बरं," मालक म्हणाले. "मग उद्या मागवून घ्या."