दह्याला कान लावणारे काका

सातासमुद्रापारच्या आमच्या अल्बनीच्या गल्लीत देवावर विश्वास नसलेले पुष्कळ आहेत, पण कुठल्याच पातळ पदार्थावर विश्वास नसलेला माणूस एकच, शेजारचे काका. पाणी असो, कढी असो, समोर आलं की त्याची चौकशी सुरू! नोकरीच तशी. दुधाच्या कारखान्यांसाठी ते सेन्सर बनवतात. पाइपातून दूध वाहत असताना त्यातून उजेड आणि आवाज आरपार सोडायचा, आणि थेंबालाही हात न लावता त्यात साय किती, पाणी किती, ते सांगायचं. ऑफिसात ठीक आहे हो! पण हा माणूस माझ्याकडचा चहाचा काचेचा कप आधी खिडकीकडे धरतो, मग चमच्याने टिचक्या मारून कान लावतो आणि विचारतो, "काय गं, दूध संपत आलं होतं वाटतं?" संपत आलेलं असतं, हाच तर वैताग.

अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात तर मी त्यांच्यापासून चार हात लांबच चालते. एकदा मधाची बाटली उलटी करून, टॉर्च लावून, बुडबुडा वर चढायला किती वेळ घेतो ते बघत बसले. मागे ही रांग! शेवटी मधवाली हसून म्हणाली, "मध हवाय, की त्याची मुलाखत?" काकांनी "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत "झकास", म्हणून तीन बाटल्या घेतल्या.

आणि अशा माणसाच्या घरी दही लागेना. काका एकटेच. दहा वर्षं विनवण्या करून त्यांनी आईला पुण्याहून कायमचं आणलं. आजी ठणठणीत, पण इथल्या गारठलेल्या लाकडी घरात त्यांचं विरजण फुकट जाऊ लागलं. रोज सकाळी पातेल्यात नुसतं तार सुटलेलं दूध. "साठ वर्षं दही लावलं, कधी चुकलं नाही," आजी म्हणाल्या. "हात गेला माझा. माझं तिकीट काढ बाबा, इथे माझा काही उपयोग नाही." काकांचा चेहरा पडला. त्या घरात नुकता कुठे रोज फोडणीचा वास येऊ लागला होता.

मग काकांनी पातेल्यालाच सेन्सर चिकटवले, एक उजेडाचा, एक आवाजाचा. दूध घट्ट होऊ लागलं की उजेड आणि आवाज दोन्ही त्यातून वेगळे जातात, ते ऑफिसात बसून फोनवर बघायचं. पातेलं गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, छान उबेला. पण आलेखात दर अर्ध्या तासाला एक उसळी! तीन दिवस काकांनी मशीन खोलून खोलून जोडलं. चौथ्या दिवशी मला फोन. "अगं, जरा आमच्याकडे डोकाव. पातेल्यात भूकंप होतायत."

गेले, तर आजी कपाटात वाकून पातेलं कलंडवतायत.

"आजी, हलवताय कशाला?"

"हलवतेय कुठे? लागलंय का बघतेय. जीव राहत नाही गं."

मी बाहेर येऊन काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. फक्त चार तास तिथून लांब ठेव."

पुरणपोळी शिकवा म्हणून मी आजींना घरी नेलं. मला उत्तम येते. त्या दिवशी मुद्दाम चार फाडल्या, बोलणी खाल्ली. दुपारी काका बसमधूनच फोनवर ओरडले, "लागलं! लागलं!" अख्ख्या बसने ऐकलं असणार.

काका पोचल्यावर आजींनी झाकण काढलं. दही कसं, वडी पडावी असं! आजींनी चमचाभर दही वाटीत काढलं, झाकलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं.

"आई, ते तिकिटाचं..." काका चाचरले.

"कसलं तिकीट? उद्याचं दही कोण लावणार?"

काका माझ्यादेखत रडले. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

आजी पाच वर्षं इथे राहिल्या. हात परत आला म्हणायच्या, आणि आम्ही दोघंही मान डोलवायचो. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. आता दही काका लावतात, आणि लागलं की मला फोन येतो. "लागलं गं," एवढंच म्हणतात. मी म्हणते, "वा, काका." मग ते थोडा वेळ फोन ठेवत नाहीत, आणि मीही ठेवत नाही.