तवशांचं बी

गोवा घटक राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मला डिचोली तालुक्यातल्या एका खाण कंपनीच्या गेस्ट हाउसवर बागेचा सुपरवायझर म्हणून नोकरी लागली. शेतकीचा डिप्लोमा नुकताच हातात पडला होता. झाडापानांतलं आपल्याइतकं इथे कुणाला कळत नाही, अशी माझी समजूत होती. गेस्ट हाउस पाळी गावाच्या अंगाला, एका टेकडीवर. खाली खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आणि वर मॅनेजरच्या हौसेपायी राखलेलं हिरवंगार लॉन.

पावसाळ्यात लॉनमध्ये तण माजायचं. ते बेणायला चार-पाच बायका यायच्या. त्यांतल्या एकीला सगळे काकी म्हणायचे; ती मूळची पेडण्याकडची, नवरा वारलेला. कुंपणापलीकडे खालच्या उतारावर तिचं घर आणि घराला लागून भाजीचा लहानसा मळा. बेणता बेणता ती मला गवतांची नावं सांगायची. मी ती हसण्यावारी न्यायचो.

दुसऱ्या वर्षी मी मॅनेजरना सांगितलं, की आता बायकांची गरज नाही. तण उगवल्यावर उपटत बसण्यापेक्षा ते उगवूच न देणारं औषध मिळतं. पावसाच्या तोंडावर जमिनीवर फवारायचं, मग बी रुजतानाच मरतं. ते खूश झाले. म्हापशाहून डबे आले, सोबत माहितीपत्रक. मी त्यातली चित्रं चाळली, प्रमाण तेवढं वाचलं आणि आमचं तण जबर म्हणून ते दुप्पट केलं.

फवारणी संपली तेव्हा पिंपात बरंच मिश्रण उरलं होतं. ते मी कुंपणाजवळच्या गटारात ओतलं. पंपही तिथेच धुतला. गटार काकीच्या मळ्यात उतरतं, हे मला ठाऊक होतं. पावसात सगळं धुऊन जाईल, असं मनाला सांगितलं आणि जेवायला गेलो.

काकीनं नेहमीप्रमाणे भेंडी, तांबडी भाजी आणि तवशी, म्हणजे पावसाळी मोठी काकडी, पेरली. बेणायचं काम गेल्यामुळे त्या वर्षी तिनं दोन वाफे जास्तच केले होते. पंधरा दिवसांनी ती फाटकावर आली.

"बाब, जरा येवन बघ मरे. तवशांक काय झालां ता माका कळना."

मळ्यातल्या बहुतेक ओळी रिकाम्या होत्या. जी रोपं वर आली होती ती दोन पानांवरच अडली होती. मी एक उपटलं. मूळ पसरलेलं नव्हतं, आखूड होतं आणि टोकाशी सुजलेलं. माहितीपत्रकात नेमकं तसंच चित्र होतं, औषध जास्त झाल्याची खूण म्हणून.

"बी कुठलं?" मी विचारलं.

"घरचां. माज्या आवशीन लग्नात दिल्लां. दर वर्सा थोडां राखून ठेवतंय."

"आईनं दिलेलं? मग जुनं झालं असेल, काकी. घरच्या बियांतला दम हळूहळू जातो. टाकून द्या ते."

एवढं सहज आलं ते तोंडून. तिनं मान डोलावली. मी शिकलेला होतो ना.

आठवड्याभरात मी वाळपईच्या बाजारातून तवशाच्या बियांचं पाकीट आणून तिला दिलं. "यंदा हे घरामागच्या तुकड्यात पेरा," असं बजावलं. का, ते सांगितलं नाही. तिनं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

चवथीला तिनं मला जेवायला बोलावलं. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीच्या चौकटीत फळं-भाज्या बांधल्या होत्या, त्यांत पाकिटातल्या बियांची दोन फिकी तवशी. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमची ती पट्ट्यांची तवशी खंय गेली?"

"बी जुनां झालां. ती जात मोडली," काकी म्हणाली. "ह्या बाबान नवीन बी दिल्लां म्हणून तवशी तरी दिसतत."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. हातातली करंजीसारखी नेवरी तोंडात घालवेना आणि ताटात परत ठेववेना.

लॉनचं म्हणाल, तर बारीक गवतं उगवली नाहीत, पण लव्हाळा सगळीकडे उठला. तो गाठीतून येतो, या औषधानं त्याला काही होत नाही. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला तसं छापलेलंच होतं. चवथीनंतर मॅनेजरनी बायकांना परत बोलावलं. काकी माझ्यासमोर उकिडवी बसून लव्हाळ्याच्या गाठी उकरू लागली. तीन दिवस मी ते बघितलं. चौथ्या दिवशी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"काकी, तुमचं बी जुनं नव्हतं."

मी सगळं सांगितलं. गटार, पंप, दुप्पट औषध. तिचा हात थांबला नाही.

"मूळ बघलस, तेवाच तुका कळलां?"

"हो."

"औषध सांडलां ता सांडलां. चूक कोणाकय होता." मग ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "पण तेवाच सांगला असतस तर उरलेलां बी राखला असतंय. तू म्हणालंस म्हणून मी ता चुलीत घातलां."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर कितीतरी रविवार मी मोटरसायकलवरून पेडण्यात हिंडलो. तिच्या माहेरी भावानं सगळीकडे काजू लावला होता, तवशाची वेल नव्हती. शेवटी मोप्याच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, एका म्हाताऱ्या जोडप्याकडे पट्ट्यांची तवशी सापडली. मूठभर बी वर्तमानपत्रात बांधून आणलं. काकीनं ते तळहातावर पसरून पाहिलं आणि फळ कसं होतं ते विचारलं. मी पट्टे बोटानं दाखवले.

"तां ह्यां न्हय," ती म्हणाली. "आमचे पट्टे बारीक. पण पेरतंय."

पुढच्या पावसात ते चांगलं आलं.

त्या पावसाआधीच्या उन्हाळ्यात मॅनेजरनी विचारलं होतं, औषध पुन्हा मागवायचं का? "आपल्या मातीला ते मानवत नाही," मी म्हणालो. त्यांनी माझ्या अभ्यासाची तारीफ केली आणि मी ती मुकाट्यानं ऐकून घेतली.