आपोआप काही होत नाही

पहाटे चारला ताराचंद उठला. भोंगा वाजला नव्हता, पाळीही नव्हती. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झाल्याचं शरीराला अजून कुणी कळवलं नव्हतं, एवढंच. पूर्वी या वेळी तो हिंगणघाटच्या रस्त्यावर सायकल हाणत असे. आता दारातल्या ओट्यावर बसून मोबाईल उघडायचा आणि इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायचा. हा ज्ञानकोश कुणा एकाचा नाही. कुणीही लिहावं, दुसऱ्याने ते दुरुस्त करावं, पगार कुणालाच नाही.

सुरुवात एका शब्दाने झाली होती. जिनिंगच्या लेखात कुणीतरी लिहिलं होतं, "रोलरमुळे रुई आणि सरकी आपोआप वेगळी होते." ताराचंदने उभी हयात चामड्याच्या रोलरला खाचा पाडण्यात घालवली होती. खाच झिजली की रोलर कापूस धरत नाही. मग रोलर उतरवा, खाचा पाडा, पुन्हा चढवा.

"आपोआप म्हणते लेकाचा," तो बायकोला म्हणाला. "मंग चामड्याचा भुसा मी काऊन खाल्ला?"

"मंग लिहा ना तुम्ही," रुख्माबाई म्हणाली. "माह्या डोक्याले काऊन ताप?"

त्याने एका बोटाने चार परिच्छेद लिहिले आणि प्रत्येकाखाली आपलं नाव टाकलं: ताराचंद, रोलर फिटर, हिंगणघाट. कापसाच्या प्रत्येक गाठीवर शिक्का असतो. माल खराब निघाला तर तक्रार त्या शिक्क्यावरून बरोबर माणसापर्यंत येते. बिनशिक्क्याची गाठ बेवारशी, हे तो कामाला लागला त्या हंगामातच शिकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर नावं गायब. त्याने परत टाकली, परत गेली. तिसऱ्यांदा परिच्छेदही उडाले. 'रोहणेकर' नावाच्या संपादकाने कारण लिहिलं होतं: "लेखात सही करू नये. मजकुराला संदर्भ नाही."

प्रत्येक लेखाच्या मागे चर्चेचं एक पान असतं. ताराचंद तिथे गेला. "साहेब, माल माझा. माझा शिक्का का पुसता?"

दुपारी उत्तर आलं. "शिक्का पुसलेला नाही. लेखाचा इतिहास उघडून पाहा."

त्याने उघडला. तिथे त्याचा प्रत्येक बदल होता, नावासकट, वेळेसकट. एक स्वल्पविराम त्याने टाकून पुन्हा काढला होता, त्याचीही नोंद होती. रोहणेकरने उडवलेलंही जिथल्या तिथे होतं. ताराचंद मोबाईल घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला.

"पाय, माह्यं नाव. कोणाच्या बापाले पुसता येत नाई."

रुख्माबाईने निरखून पाहिलं. "माह्यं कुठी हाय? चहा तं मीच देऊन राह्यली."

शिक्क्याचं भांडण मिटलं, मजकुराचं राहिलं. ताराचंद म्हणे, मी हाताने केलंय. रोहणेकर म्हणे, तुम्ही खरं सांगता, पण उद्या दुसरा वेगळं सांगेल, वाचणाऱ्याने कुणाचं मानायचं? छापलेला आधार द्या. तोवर हे चार परिच्छेद चर्चापानावर राहतील, लेखात नाही. लेखात अजूनही 'आपोआप' होतं. त्याच्या कारखान्याची जिनयंत्रं भंगारात गेली होती, शेडमध्ये आता सिमेंटचं गोदाम होतं. हे चार परिच्छेद बसले नाहीत तर रोलरवर हात चालवणारा माणूस होता, हे त्या लेखात कुठेच उरणार नव्हतं.

जिनिंगच्या यंत्रांवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे, हे रोहणेकरनेच शोधून सांगितलं. नागपूरचा दुकानदार मागवून देणार होता, पण किंमत पेन्शनच्या आवाक्यातली नव्हती. ताराचंदने वडनेरकडच्या एका जिनिंगमध्ये हंगामापुरतं काम धरलं. रोलरला हात लावणारा माणूस त्यांना हवाच होता. चर्चापानावर त्याने लिहिलं, "साहेब, हंगामात या. रोलर दाखवतो."

उत्तर आलं, "साहेब नाई, बाई आहो. मंदाबाई, रोहण्याची. वांग्याचा तोडा झाला की येतो."

ती बस बदलत बदलत आली, हातात वांग्यांची पिशवी. ताराचंदने पुण्याचा चष्मेवाला प्रोफेसर मनात धरला होता. समोर उन्हाने रापलेली शेतकरीण उभी.

"तुम्हीच माह्ये परिच्छेद उडवले?"

"मीच. आन् वांगी बी म्याच आणली. कोणतं पयले घेता?"

त्याने वांगी घेतली. मग जिन बंद असताना तिला रोलर दाखवला. खाचेवरून बोट फिरवायला लावलं. तिने फोटो काढले, तिथल्या तिथे लेखात चढवले.

"आता तं परिच्छेद घ्या आत," तो म्हणाला.

"फोटोनं रोलर दिसते, भाऊ. तुमचं म्हणणं सिद्ध होत नाई."

"लय कडक बाई आहा."

"वांगं बी मी किडकं पाठवत नाई."

हंगाम संपला, मजुरी हातात आली, पुस्तक आलं. ताराचंदला इंग्रजी जेमतेम येई, पण आकृत्या त्याला पाठ असल्यासारख्या होत्या. फोन स्पीकरवर ठेवून तो पान सांगे, मंदाबाई तिकडे तेच पान वाचून अर्थ सांगे. परिच्छेद एकेक करून लेखात चढले. तिसऱ्यापाशी ती थांबली.

"तुम्ही लिवलं, रोलर पयल्यापासून म्हशीच्या चामड्याचा. इथं तं लिवलं हाय, जुन्या काळी वॉलरसचं कातडं लावत."

"ते काय असते?"

"समुद्रातलं जनावर. दोन सुळे, मिशा."

ताराचंदने पुस्तकातली रोलरची आकृती पुन्हा उघडली. एवढी वर्षं रोलर हाताळले, आणि ही मिशी कुणी सांगितली नव्हती. ओट्यामागून रुख्माबाईचं हसणं ऐकू आलं. मग तोही हसायला लागला, थांबेचना. 'पहिल्यापासून' हा शब्द त्याने स्वतःच खोडला. 'आपोआप'ही त्यानेच काढला, रोहणेकरने खाली होकार दिला. इतिहासात दोघांचे शिक्के एकाखाली एक पडले.

त्या हंगामाची मजुरी एका नाही, दोन पुस्तकांत गेली. एक हिंगणघाटला, त्याच्या फळीवर. दुसरं रोहण्याला, मंदाबाईकडे, पुढच्या वेळी त्याची चूक काढायला.